ताळेबंदातली साखर



नांदेड-लातूरच्या शाखांत असताना साखर कारखान्यांचे ताळेबंद पुष्कळ पाहिले. समजा, चालू मालमत्ता १२ कोटी, चालू देणी ९ कोटी. भागाकार १.३३, हा करंट रेशो. टंडन समितीच्या १९७५च्या अहवालापासून बँकांत हाच आकडा प्रमाण मानला जाई. पण त्या १२ कोटींत ९ कोटींची साखर गोदामात पडून असेल तर? ती वगळा, ३ भागिले ९, क्विक रेशो ०.३३! कायद्याने शेतकऱ्याला उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे. त्याला साखरेची पोती थोडीच देता येतात?

सोसायटीचंही तसंच. थकलेला मेंटेनन्स ताळेबंदात येणं म्हणून दिसतो, पण लिफ्टवाल्याचं बिल त्यातून भागत नाही. तेव्हा वार्षिक सभेत ‘येणं किती?’ याबरोबर ‘हातात किती?’ हेही विचारा. आणि मेंटेनन्स वेळेवर भरा!