घरोघरी बोर्डिंग

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘बदलते शिक्षण आणि आपण’ या विषयावर मी चार शब्द बोलावे अशी अध्यक्षांची आज्ञा झाली. मी काही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. बी. ए., बी. एड. झालेला साधा शाळामास्तर आहे आणि गेली बारा वर्षे वर्गात उभा आहे. तेव्हा मोठमोठ्या ग्रंथांतले न सांगता, वर्गात आणि तुमच्या घरांत जे पाहिले तेच सांगेन. त्यात माझी एक चूकही येईल.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. दसरा चौकातून आपण रोज जातो-येतो. तिथली मुस्लिम बोर्डिंगची इमारत आपल्याला इतकी ओळखीची झाली आहे की ती मुळात का उभी राहिली हा प्रश्न मनात येत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम समाजातील मंडळींना एकत्र बोलावून मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, स्वतः तिचे अध्यक्षपद घेतले आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. त्याआधी १९०१ मध्ये मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहे निघाली होती. पुढे एकामागून एक इतर समाजांचीही निघाली. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच.

आता विचार करा. त्या काळी कोल्हापुरात शिक्षणाची सोय नव्हती काय? होती. राजाराम कॉलेज १८८० मध्येच सुरू झाले होते. मग गरिबांची मुले तिथे का पोहोचत नव्हती? खेड्यातला पोरगा शहरात आला तर राहणार कुठे, जेवणार कुठे आणि रात्री कोणाच्या दिव्याखाली वाचणार, हा खरा प्रश्न होता. शाळेच्या दारापर्यंत येण्याआधीच मूल अडते, हे महाराजांनी ओळखले. म्हणून त्यांनी मुलांना जागा दिली, अभ्यासाची वेळ लावून दिली आणि लक्ष ठेवणारे माणूस दिले. बोर्डिंग म्हणजे या तीन गोष्टी.

पुढे १९१७ मध्ये महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. म्हणजे मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांनी पालकाच्याही खांद्यावर ठेवली. हा दंड आठवणीत ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

१९०६ पासून बरोबर शंभर वर्षांनी, २००६ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल आला. देशातील सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी शंभरात पंचवीस मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच बाहेर पडली, असे त्यात नोंदले होते. आपली सगळी मुले मदरशांत जातात अशी जी समजूत होती तीही समितीने खोटी ठरवली. शाळेत जाण्याच्या वयाची जेमतेम तीन-चार टक्के मुले मदरशांत शिकत होती. आपल्या लोकांना शाळाच हवी आहे. प्रश्न शाळेत टिकण्याचा आहे.

त्यानंतर काळ झपाट्याने बदलला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. २०२० मध्ये नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. त्याने वयाच्या तिसऱ्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंतचा विचार एकत्र केला आणि पाच, तीन, तीन व चार वर्षांचे टप्पे आखले. आपल्या राज्यात २०२५-२६ या वर्षी पहिलीच्या वर्गापासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. आजवर आपण अंगणवाडी म्हणजे पोरे सांभाळण्याची जागा समजत होतो. आता तीही शिक्षणाची पहिली पायरी धरली आहे. पाठांतरापेक्षा समजण्याला आणि करून पाहण्याला महत्त्व द्यावे असे हे धोरण सांगते.

या धोरणातील एक गोष्ट मला आपल्या समाजाच्या दृष्टीने मोलाची वाटते. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना शाळेत यावे आणि सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांकडून काम शिकावे, असे त्यात सुचवले आहे. उद्यमनगरातला फिटर, शिरोलीच्या फौंड्रीतला मोल्डर, शिवणयंत्रावर बसणारी आई, गवंडीकाम करणारा मामा यांच्या हातातले कसबही विद्याच आहे, हे आता धोरणच म्हणते. पण कृपा करून याचा उलटा अर्थ घेऊ नका. दहा दिवस काम पाहणे वेगळे आणि आठवीतून काढून गॅरेजवर बसवणे वेगळे.

पाठ्यपुस्तकही बदलले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकाने पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड दिले. मोबाईल धरला की त्या धड्याची चित्रफीत दिसे. पुढे राज्याच्या पुस्तकांतही असे कोड आले. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. एका खेड्यातल्या मास्तराने जगाला दोन धडे दिले, एक यंत्राचा आणि दुसरा मनाचा.

आता माझी चूक सांगतो.

२०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि जूनपासून आम्ही मोबाईलवर वर्ग घेऊ लागलो. आठवीच्या माझ्या वर्गात एक मुलगी होती. ती पडद्यावर कधीच दिसेना. चार आठवडे मी तिच्या नावापुढे गैरहजर लिहिले. शेवटी तिच्या वडिलांना फोन करून जरा तोडूनच बोललो, “मुलीला शिकवायचे नसेल तर तसे सांगा.” ते एवढेच म्हणाले, “बघतो, सर.”

ऑगस्टमध्ये काही कामासाठी त्यांच्या घरी जाण्याचा योग आला. दोन खोल्या, सहा माणसे, एक मोबाईल. वडील टेम्पो चालवत, मोबाईल त्यांच्याबरोबर जाई आणि रात्री नऊला परत येई. तोवर दिवसाचा डेटा संपलेला असे. मी विचारले, “मग अभ्यासाचे काय?” मुलीने काही न बोलता वह्या आणून माझ्यापुढे ठेवल्या. शेजारच्या मैत्रिणीकडून रोजचा धडा उतरवून घेऊन, जिन्यातल्या पायरीवर दिव्याखाली बसून तिने त्या त्या दिवसापर्यंत पूर्ण केल्या होत्या. माझ्या हजेरीपटात ती महिनाभर गैरहजर होती आणि तिच्या वहीत एक दिवसही खाडा नव्हता. आईने चहा दिला. माझ्या फोनचा विषय त्या घरात कोणी काढला नाही. मलाही माफी मागायला धीर झाला नाही. आज सहा वर्षांनी या व्यासपीठावरून मागतो.

त्याच वर्गात एक मुलगा होता. त्याला वडिलांनी नवा मोबाईल घेऊन दिला होता. त्याचे नाव रोज पडद्यावर वेळेवर दिसे आणि मी कौतुकाने हजर लिही. शाळा पुन्हा सुरळीत सुरू झाली तेव्हा लक्षात आले की त्याला एक परिच्छेद सलग वाचता येत नाही. नाव पडद्यावर होते, मुलगा दुसऱ्याच खेळात होता. घरी कोणी पाहिले नाही, मीही विचारले नाही. दहावीला तो बसलाच नाही. आज तो एका गॅरेजवर काम करतो. माझी मोटारसायकल तिथे नेली की तो मान खाली घालून पाना फिरवतो. मीही मान खाली घालतो. मुलगी मात्र आज कॉलेजात शिकते आहे.

मित्रहो, यातून मी काय शिकलो? यंत्र त्या मुलाकडे होते, मुलीकडे नव्हते. मुलीला जिन्यातली एक पायरी होती, रात्रीची ठरलेली वेळ होती आणि “झाले का गं लिहून?” असे विचारणारी निरक्षर आई होती. म्हणजे जागा, वेळ आणि लक्ष ठेवणारे माणूस. शंभर वर्षांपूर्वी महाराजांनी दसरा चौकात जे उभे केले, तेच त्या माउलीने जिन्यात उभे केले होते.

शिक्षकाचेही काम बदलले आहे, हे मी माझ्या व्यवसायबंधूंना नम्रपणे सांगतो. पूर्वी पुस्तकात काय आहे ते मास्तरालाच ठाऊक असे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता मुलाला क्षणात निबंध लिहून देते. गेल्या वर्षी ‘आमचा मोहल्ला’ या विषयावर तीन वह्या माझ्याकडे आल्या. तिन्हींत सुंदर भाषा, तिन्हींत एक रम्य बाग आणि बागेत कारंजे. आमच्या मोहल्ल्यात बाग नाही, कारंजे तर नाहीच! मी रागावलो नाही. तिघांना उभे करून एकच विचारले, “तुमच्या गल्लीत पहाटे पहिला आवाज कोणता येतो?” एक म्हणाला, फजरच्या अजानचा. दुसरा म्हणाला, त्याआधी नळाला पाणी आल्याचा, मग बायकांच्या घागरींचा. तिसरा म्हणाला, अब्बांचा टेम्पो सुरू होत नाही त्याचा. वर्ग हसला आणि मग तिघांनीही खरा निबंध लिहिला. उत्तर आता कुठेही मिळते. मुलाला त्याचा स्वतःचा प्रश्न देण्यासाठी मात्र शिक्षक लागतो. तेव्हा यंत्राची भीती नको. यंत्राला आपल्या मुलाची गल्ली ठाऊक नसते, आपल्याला ठाऊक असली पाहिजे.

एक शब्द माध्यमाविषयी. आपण घरी आपली दखनी बोली बोलतो, शाळा मराठी किंवा उर्दू असते आणि मन इंग्रजीकडे धावते. नव्या धोरणाने शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंत, घरच्या भाषेत किंवा मातृभाषेत शिकवावे असे म्हटले आहे. तुम्ही कोणतीही शाळा निवडा, तो तुमचा अधिकार आहे. पण संध्याकाळी मुलाला विचारा, आज काय शिकलास ते आपल्या बोलीत सांग. त्याला सांगता आले तर शिक्षण आत गेले. नुसते इंग्रजी शब्द घोकून दाखवले तर फी गेली आणि शिक्षण बाहेरच राहिले.

पालकांनो, तुमच्याकडे माझे तीन मागणे आहे. पहिले, घर कितीही लहान असो, रोज संध्याकाळी एक तास आणि एक कोपरा मुलाच्या नावाने ठेवा. त्या तासात टीव्ही बंद आणि मोबाईल वडीलधाऱ्यांच्या हाती. तुम्हाला वाचता येत नसेल तरी चालेल, शेजारी बसा. दुसरे, महिन्यातून एकदा शाळेत या. दंड भरायला बोलावल्यासारखे येऊ नका, हक्काने या आणि आम्हाला जाब विचारा. तिसरे, आठवीनंतर मुलाला आणि दहावीनंतर मुलीला घरी बसवण्याआधी एकदा आमच्याशी बोला. महाराजांचा एक रुपयाचा दंड आज नाही. पण मूल शाळेतून काढले की त्याचा दंड ते मूल आयुष्यभर भरत राहते.

संस्थेलाही एक विनंती आहे. शाळा सुटल्यावर खोल्यांना कुलूप लागते. ज्यांच्या घरी कोपरा नाही त्यांच्यासाठी संध्याकाळी दोन खोल्या उघड्या ठेवाव्यात. आठवड्यातले दोन दिवस मी स्वतः तिथे बसेन, असा शब्द या सभेपुढे देतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या हातात जे साधन आहे ते तुमच्या आजोबांनी स्वप्नातही पाहिले नव्हते. ते खेळायलाही आहे, मी नाही म्हणत नाही. पण रोज स्वतःच्या हाताने एक पान लिहा. ते पान तुमची खरी हजेरी आहे.

इल्म मिळवणे हे आपल्याकडे फर्ज मानले आहे, त्या फर्जची सुरुवात घरातल्या एका कोपऱ्यापासून होते. १९०६ मध्ये एका राजाने आपल्या मुलांसाठी एक बोर्डिंग उभे केले. आता प्रत्येक घराने रोज एक तास बोर्डिंग व्हावे, एवढीच अपेक्षा.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.