बर्फाखालच्या माशांची राखण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



अध्यक्षबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. स्वयंपाक, शिवण, भरतकाम ह्यांवर बोलणाऱ्या माझ्याहून हुशार भगिनी येथे आहेत. म्हणून मी जरा निराळा विषय घेते. थंड मुलखात परसातल्या तळ्यातले मासे हिवाळाभर कसे जगवावेत, हा तो विषय. आपल्यातल्या कित्येकींच्या लेकी-सुना परदेशी आहेत. बाळंतपणाला म्हणून जावे आणि तळे गळ्यात पडावे, असे कोणाचेही होऊ शकते. माझे तसेच झाले.

धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत न्यू जर्सीला होते. त्यांच्या परसात आधीच्या घरमालकाने बांधलेले तळे होते. 12 फूट लांब, 8 फूट रुंद, 4 फूट खोल. पाणी सुमारे 10,000 लिटर. त्यात 11 कोई मासे होते. कोई म्हणजे रंगीत कार्प, आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला. जपानात नीगाता भागातल्या डोंगराळ खेड्यांत भातशेती करणारे लोक खाण्यासाठी कार्प पाळीत. त्यांतून रंगीत निवडून निवडून ही जात तयार झाली. 1914 साली टोकियोच्या प्रदर्शनात हे मासे मांडले, तेव्हापासून त्यांचा बोलबाला झाला. नीगातात बर्फ फार पडते. म्हणून तेथले पाळणारे ऑक्टोबरात मासे मातीच्या तळ्यांतून काढून आत, छपराखालच्या हौदांत नेतात. आमच्याकडे तशी सोय कुठली?

मेहुण्यांच्या मनात मोठा हीटर लावून सगळे तळे ऊन ठेवायचे होते. मुक्या जीवांना थंडी वाजेल ही माया. पण भगिनींनो, संसार करणाऱ्या बाईला आधी हिशेब सुचतो. 1 युनिट विजेने साधारण 860 लिटर पाणी 1 अंश तापते. म्हणजे ते तळे 1 अंशाने तापवायला 12 युनिट, आणि 10 अंशांनी तापवायला जवळजवळ 120 युनिट. बरे, एकदा तापवून भागत नाही. उघडे पाणी रात्री सगळी ऊब आकाशाला देऊन टाकते. शिवाय ऐन थंडीत वीज गेली, तर ऊन पाण्याला सवकलेले मासे एकदम गारठ्यात सापडणार. माशाला गारव्यापेक्षा असा अचानक बदल अधिक बाधतो.

शेजारी एक वृद्ध बाई राहत. त्यांनी आयुष्यभर मासे पाळलेले. बहीण दुभाषी झाली आणि त्यांनी आम्हांला एक गोष्ट शिकवली: तळे तापवू नका, तळ्याला श्वास घेऊ द्या.

ह्याचे कारण असे. पाणी 4 अंशांवर सर्वांत जड असते. म्हणून ते तळाशी बसते आणि बर्फ हलके असल्याने वर तरंगते. तळे पुरेसे खोल असले की खाली मासे निवांत पडून राहतात. त्यांचे सारे व्यवहार मंद होतात. धोका वरच्या झाकणाचा. सगळे तळे बर्फाने बंद झाले, तर कुजलेल्या पानांचा वायू आत कोंडतो आणि ताजी हवा आत जात नाही. म्हणून एक भोक उघडे राहिले पाहिजे. त्यासाठी 250 वॉटचा छोटा तरंगता हीटर पुरला. तो दिवसरात्र चालला तरी 6 युनिट. एवढ्यात 10,000 लिटर तापत नाहीत, पण ताटाएवढी जागा मोकळी राहते.

बाकीची कामे अशी. पानगळीच्या आधी तळ्यावर जाळे घालावे आणि पडलेली पाने काढावीत. हवेच्या बुडबुड्यांचा दगड तळाशी न ठेवता वर उचलावा, म्हणजे खालचे ऊबदार पाणी ढवळले जात नाही. पाण्यात थर्मामीटर सोडावा. तिकडे तो फॅरनहाइटमध्ये असतो. 50 च्या खाली, म्हणजे आपल्या 10 अंशांखाली आला, की खाणे बंद. हे मला जड गेले. दारी कोणी उपाशी राहू नये असे आपले वळण. पण ह्या माशांना जठर नसते, आणि थंडीत खाल्लेले आतड्यात तसेच पडून राहते. तेव्हा न देणे हीच माया. विजेची उपकरणे पाण्यात असतात, म्हणून गळती होताच वीज तोडणारे बटण हवेच, आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढावा.

जानेवारीत हिमवादळ झाले. संध्याकाळी वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. भोक बुजू लागले. मेहुणे कुदळ घेऊन निघाले, तेव्हा आजीबाईंनी खिडकीतून हात हलवून थांबवले. बर्फावर घाव घातला की त्याचा दणका पाण्यातून माशांना बसतो. मग आम्ही गॅस काडीने पेटवला, पातेल्यात पाणी उकळले, कड्यांना दोरी बांधली आणि काठावरूनच ते पातेले बर्फावर ठेवले. बर्फ वितळून गोल भोक पडले. दर दोन-तीन तासांनी तेच. बहीण तान्ह्याला घेऊन आत आणि मी शाल गुंडाळून बाहेर, अशी रात्र काढली.

फेब्रुवारीपर्यंत 11 चे 11 मासे होते. मार्चमध्ये एक दगावला, पांढऱ्यावर तांबडे ठिपके असलेला. बर्फ ओसरल्यावर तो गेला, म्हणून मला फार हळहळ वाटली. आजीबाई म्हणाल्या की खरा नाजूक काळ हाच. पाणी ऊन होऊ लागले की रोगजंतू आधी जागे होतात, माशाची ताकद मागाहून येते. तेव्हा थंडी सरली म्हणून लक्ष काढू नये, आणि खाणेही हळूहळू, पचेल असे, चिमूटभरच सुरू करावे.

माझ्या भगिनींनो, सगळे ऊन ठेवणे आपल्या हाती नसते, आणि पुष्कळदा गरजेचेही नसते. श्वासापुरती जागा मोकळी ठेवली आणि वेळेवर जागे राहिले, तर जीव आपले आपण तगतात. परदेशी लेकीकडे जाल तेव्हा तिच्या परसात तळे असले, तर हे ध्यानात ठेवा.