वाघिणीचे दूध पचवायचे तर...



१८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर प्रभृतींनी पुण्यात शाळा काढली, तिचे नाव न्यू इंग्लिश स्कूल. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणणारे शास्त्रीबुवाच मराठी भाषेचे शिवाजी म्हणून ओळखले जातात. स्वभाषेचा अभिमान आणि परभाषेवरील प्रभुत्व यांत त्यांना विरोध दिसला नाही. लोकमान्यांनी वेदकालाविषयीचा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ मध्ये इंग्रजीत लिहिला. ‘गीतारहस्य’ मात्र मराठीत. कोणती भाषा कोणत्या कार्यासाठी, हे त्यांना स्पष्ट होते.

इंग्रजीच्या तासाला बसणाऱ्या विद्यार्थ्यानेही आपले ध्येय असेच निश्चित करावे. केवळ गुण मिळविणे किंवा चारचौघांत फाडफाड बोलणे हे ध्येय नव्हे. वाचलेले समजावे, समजलेले स्वतःच्या वाक्यांत लिहिता यावे आणि लिहिलेले न बिचकता बोलता यावे, एवढे पुरे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. संधी आली, पण नित्यनेम ज्याचा त्यानेच लावायचा असतो. रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचावा. नवा शब्द कोशात पाहून त्याचे स्वतः वाक्य करावे. शिक्षकांनी दाखविलेली चूक त्याच दिवशी शुद्ध करून लिहावी. गाईड पाठ करून गुण मिळतात, भाषा मिळत नाही.

पालकांनी मुलांच्या चुकांना हसू नये. हसण्याच्या भयाने मिटलेले तोंड कोणत्याच भाषेत उघडत नाही. घरात मात्र सकस मराठी असावी. मातृभाषेत विचार करणाऱ्यालाच परभाषेत सांगण्यासारखे काही असते.