एका राजघराण्याची वाटणी

राज्य मोठें असो कीं घर लहान, वाटणीचा प्रश्न निघाला म्हणजे माणसांचे खरे स्वभाव बाहेर पडतात. जेम्स गोल्डमन यांच्या १९६६ सालच्या ‘द लायन इन विंटर’ या नाटकाचा विषय हाच आहे.

इ. स. ११८३ चा नाताळ. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री फ्रान्समधील शिनोंच्या किल्ल्यांत आपल्या कुटुंबास बोलावतो. मुलांच्या बंडास साह्य केल्यामुळें राणी एलिनॉर दहा वर्षें कैदेंत आहे. सणापुरती तिची सुटका. थोरला राजपुत्र त्याच वर्षीं वारलेला. आतां गादी कोणाची? राजाला धाकटा जॉन हवा, राणीला रिचर्ड. मधल्या जेफ्रीला कोणीच विचारीत नाहीं. मेळावा कल्पित आहे, माणसें मात्र इतिहासांतलीं.

१९६८ सालीं अँथनी हार्वे यांनीं याचा बोलपट केला. पटकथा गोल्डमन यांचीच. रंगभूमीवर हें भांडण मुख्यतः शब्दांचें होतें. बोलपटानें त्याला थंडीची जोड दिली. पीटर ओटूल यांचा हेन्री सकाळीं तोंड धुण्यापूर्वीं पाण्यावरील बर्फ फोडतो, तेव्हां एवढ्या राज्याच्या धन्याला घरांत ऊब नाहीं, हें संवादावांचून कळतें. राणी नावेंतून येते आणि नावेंतूनच कैदेंत परतते. या भूमिकेबद्दल कॅथरिन हेपबर्न यांना ऑस्कर पारितोषिक मिळालें, तें यथार्थच होय.

वाटणीचा निकाल बोलपटांत लागत नाहीं. तो इतिहासानें लावला. ११८९ सालीं रिचर्डपुढें हार खाऊन हेन्री त्याच शिनोंत वारला. लाडका जॉनही शत्रूस मिळाल्याचें त्याला अखेरीस कळलें, असें बखरकार सांगतात. गादीवर बसतांच रिचर्डनें आईला मोकळें केलें.