रस्ता आणि रानवाट

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्या शिबिरातील भाषण)



रस्त्यावाचून विकास नाही. रस्ता आला की आजाऱ्याला इस्पितळ गाठता येते, शेतमालाला बाजारपेठ मिळते. तेव्हा रस्ते नकोत, असे मी म्हणणार नाही. मात्र ज्या भूमीतून रस्ता न्यावयाचा, तेथे आधी कोणाची वाट होती, हे आराखडा आखतानाच पाहिले पाहिजे.

आपल्या उपनगरांना लागून असलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे आहे. मुंबईला पाणी देणारे विहार व तुळशी हे तलाव त्याच्याच कुशीत आहेत. या वनाच्या पश्चिमेस द्रुतगती महामार्ग, दक्षिणेस आरेपलीकडे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, पूर्वेस भांडुप-मुलुंडची दाट वस्ती आहे. उत्तरेस घोडबंदर मार्गाने उद्यानाचाच नागला विभाग मुख्य वनापासून तोडला आहे. नागल्यापुढे वसईची खाडी आणि खाडीपलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य. बाहेरच्या वनांशी नाते राखणारी वाट ती एवढीच.

रस्त्यासाठी झाडे तुटतात, ते सर्वांना दिसते. वाट तुटते, ते दिसत नाही. कोंडलेल्या प्राण्यांचे संबंध आपसांतच होत राहतात आणि कालांतराने वंश दुर्बळ होतो. वाट शोधणारा प्राणी वाहनाखाली सापडतो.

२००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला संशोधक विद्या अत्रेय यांनी गळपट्टा बांधला. माळशेज घाटात सोडल्यावर तो सुमारे १२० किलोमीटर चालून याच उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने कोणालाही इजा केली नाही. ‘आजोबा’ या नावाने ओळखला गेलेला हा बिबट्या २०११ साली मुंबईजवळच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेने मरण पावला.

गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली हे नवे मार्ग उद्यानाखालून बोगद्यांतून नेण्याची योजना आहे. त्यामुळे वरचे वन बरेचसे वाचते. पण बोगद्यांच्या मुखांपाशी होणारी वृक्षतोड आणि निघणारा राडारोडा यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागेल. शिवाय घोडबंदरला तुटलेली वाट बोगद्याने जुळत नाही. तेथे वन्यप्राण्यांसाठी स्वतंत्र मार्गच हवा.

हे अशक्य नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी ९ भुयारी मार्ग व पूल बांधले गेले. २०१९ मधील कॅमेरा-निरीक्षणात वाघासह १८ जातींचे वन्यप्राणी त्यांखालून जाताना आढळले.

अधिकाऱ्यांनी रस्त्याच्या पहिल्या पाहणीतच वनविभागाला सोबत घ्यावे. भुयारी मार्गाचा खर्च मूळ अंदाजपत्रकात धरावा. पंचायत सदस्यांनी जैवविविधता कायदा, २००२ अन्वये करावयाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत पाणवठे आणि प्राण्यांच्या वाटा नोंदवाव्यात. शिक्षकांनी गावातील वृद्धांकडून ही माहिती मिळविण्याचे काम विद्यार्थ्यांना द्यावे. नकाशावर नोंदलेली वाट चुकविता येते. न नोंदलेली वाट नकळत बुजविली जाते. ही नोंद करणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.