गृहकर्ज आणि मधला माणूस

गृहकर्ज घ्यायचे म्हटले की बँकेच्या आधी बहुधा एजंटच भेटतो. घरी येतो, कागद नेतो, मंजुरीपर्यंत धावपळ करतो. या धावपळीचा मोबदला त्याला बँकेकडून मिळतो, हे मात्र तो आपणहून सांगेलच असे नाही. माझ्या भाच्याकडे ४० लाखांच्या कर्जासाठी एकाने ‘फाइलचे’ म्हणून १५ हजार रोख मागितले. मी भाच्याला म्हटले, पावती कुणाच्या नावाची मिळेल, तेवढे विचार. पावतीचे नाव काढताच मागणी विरघळली.

खरे खर्चही असतातच. प्रोसेसिंग फी अर्धा टक्का धरली, तर ४० लाखांवर २० हजार आणि १८ टक्के जीएसटी मिळून २३,६०० रुपये होतात. घराची कागदपत्रे बँकेकडे गहाण ठेवल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते, तिचाही खर्च येतो. पण सरकारी भरण्याचे चलन निघते. एजंटाने सांगितलेला आकडा त्या चलनाशी ताडून पाहावा.

सर्वांत महाग पडतो तो कर्जातच मिसळलेला विमा. एक लाखाचा एकरकमी प्रीमियम कर्जात धरला, तर नऊ टक्के व्याजाने हप्ता दरमहा सुमारे ९०० रुपयांनी वाढतो. २० वर्षांत भरावे लागतात दोन लाख सोळा हजार! विमा जरूर घ्यावा, कमावते माणूस गेले तर घर वाचते. पण ‘हाच घ्यावा लागेल’ असे कुणी म्हणाले, तर ते बँकेच्या लेटरहेडवर लिहून मागावे. सहसा कुणी देत नाही.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा नव्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ हे माहितीपत्रक सक्तीचे केले आहे. फी, बँकेमार्फत वसूल होणारा विमा, वकिलाचा खर्च, सारे धरून कर्ज खरोखर किती टक्क्यांना पडते ते त्यात येते, आणि तेही आपल्याला समजेल अशा भाषेत. पत्रकात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून लावता येत नाही. मेख आहे ती या ‘संमती’त. तीस-चाळीस सह्यांच्या गठ्ठ्यात तीही सही उरकली जाते. पत्रकातल्या अटी किमान तीन कामाचे दिवस कायम राहतात. तेव्हा ते घरी आणावे, घरातल्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. तरीही जादा पैसे कापले गेले, तर बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे फी लागत नाही, आणि एजंटही.