पडून राहू नका

माझी थोरली अक्का पोलादपूरकडे दिलेली. तिला आमवात. सकाळी तासभर बोटं वळत नसत. महाडजवळ सव गावी ऊन पाण्याचे झरे आहेत, तिथं आम्ही तिला नेत असू. कळ हलकी होई, रोग जात नसे. मग म्हणालो, "वय झालं, पडून राहा." मांड्या सुकल्या. एके दिवशी ती न्हाणीत पडली, खुबा मोडला. चूक आमची.

आमवातात सांधे सुजतात, अंगातलं मांसही झडतं. पडून राहिलं की आणखी झडतं. म्हणून डॉक्टरांचं औषध नेमानं घ्यावं. कुळीथ, अंडी, मासळी खावी. सोसेल तेवढं रोज चालावं.

घरच्या म्हाताऱ्या माणसाला नुसतं निजवू नका. हात द्या, चालवा.